मूळ गावाची ओढ आणि परतल्यानंतरची हुरहूर

आजी-आजोबांचं गाव पाहून आल्यावर आनंद, दुःख आणि अपराधीपणा एकाच वेळी का दाटून येतात? अनेकांना हे विचित्र वाटतं. पण आठवणी साठवण्याची आणि पुन्हा उभ्या करण्याची मेंदूची जी पद्धत आहे, तिच्यातच याचं बरंचसं उत्तर सापडतं.

अलिबागची इस्रायल आळी, समुद्राकाठचं नवगाव, रेवदंड्याचं सिनेगॉग, सागावचा एलियाहू हानाबीचा टापा. इस्रायलमधून कोकणात येणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांच्या प्रवासात ही ठिकाणं हमखास असतात. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, त्यातून सात जोडपी वाचली, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, झिराडकर, नवगावकर या आडनावांत त्यांची गावं अजूनही आहेत.

भारत स्वतंत्र झाला त्या सुमारास या समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर बहुतेक कुटुंबं टप्प्याटप्प्यानं तिकडे गेली. डिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा शहरांत ती स्थायिक झाली. तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघत आलं. आता त्यांची मुलं आणि नातवंडं कोकण पाहायला येतात. काहींना मराठी नीट बोलता येतं, काहींना जेमतेम समजतं, तर काहींच्या कानावर ते फक्त आजीच्या तोंडून पडलेलं असतं.

अशा प्रवासाचं वर्णन बहुतेक वेळा आनंदाच्या भाषेत होतं. घर सापडलं, शेजारी भेटले, ओळख पटली, डोळे भरून आले. पण खरी गुंतागुंत पुष्कळदा परतल्यानंतर सुरू होते. गेल्याचं समाधान असतं आणि तरी काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटतं. इतका खर्च करून, इतक्या वर्षांची इच्छा पुरी होऊनही मन का लागत नाही, याची लाज वाटते. गावात कोणी विचारलं, ‘तुम्ही कुठले?’, तर काय उत्तर द्यायला हवं होतं, हा प्रश्न पाठ सोडत नाही. घरच्यांना सांगावं तर ते म्हणतात, ‘अरे, इतका छान प्रवास झाला, आता काय?’

कोकणातून इस्रायलला गेलेल्यांचंच असं होतं असं नाही. मॉरिशसच्या मराठी माणसाचं, अमेरिकेतून आईवडिलांसोबत सातारा-सांगली पाहायला आलेल्या मुलीचं, तीस वर्षांनी गावच्या घराचं कुलूप काढणाऱ्या मुंबईच्या चाकरमान्याचंही असंच होऊ शकतं. अंतर कमी-जास्त असतं, पण मनात घडणारी प्रक्रिया बरीचशी सारखी असते.

ओढीला आजार मानलं जायचं

गावाच्या ओढीची वैद्यकशास्त्रानं फार पूर्वी दखल घेतली. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथं योहानेस होफर या १९ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात ‘नोस्टाल्जिया’ हा शब्द तयार केला. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘अल्गोस’ म्हणजे वेदना, या दोन ग्रीक शब्दांचा हा जोड. घरापासून दूर राहणारे काही जण खंगत जातात, त्यांची झोप आणि भूक उडते, असं त्यानं नोंदवलं. बर्नहून आलेला एक विद्यार्थी असा खंगला होता. घराच्या दिशेनं प्रवास सुरू होताच तो सुधारू लागला.

पुढची जवळपास दोन शतकं डॉक्टर याला आजारच मानत होते. परदेशात चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांचा हा रोग समजला जायचा. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैन्याच्या वैद्यकीय नोंदींमध्येही हे निदान आढळतं. उपाय म्हणून जळवा लावणं, अफू देणं असे प्रकार व्हायचे. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे रुग्णाला घरी पाठवणं, असं मानलं जाई.

आज नोस्टाल्जिया हा आजार मानला जात नाही. गेल्या दोन दशकांत ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी त्याचा बराच अभ्यास केला. एकटं वाटू लागलं की जुन्या दिवसांची आठवण उफाळून येते आणि त्या आठवणीमुळे आपण कोणाचे तरी आहोत ही जाणीव बळावते, असं त्यांना दिसलं. या भावनेत गोडवा जास्त असतो, पण त्याला दुःखाची किनारही असते. घरी पाठवलं की माणूस बरा होतो, ही जुनी समजूत मात्र अर्धीच खरी ठरते. कारण माणूस ज्या घरी परततो, ते घर त्याच्या आठवणीतलं घर नसतं.

आठवण दर वेळी नव्यानं घडते

आठवणी मेंदूत फोटोसारख्या जपून ठेवलेल्या असतात, असं आपल्याला वाटतं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात या समजाला धक्का दिला. त्यांनी इंग्रज वाचकांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळानं ती आठवून लिहायला सांगितली. कथेतली अनोळखी कनू साध्या होडीत बदलली, सीलची शिकार मासेमारी झाली. जे ओळखीचं नव्हतं, ते प्रत्येकानं आपल्या जगाला जुळेल असं करून घेतलं होतं.

याची जैविक बाजूही संशोधनातून पुढे आली. २००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून दिसलं, की पक्की झालेली आठवण पुन्हा जागी केली की काही काळ ती पुन्हा नाजूक होते आणि मेंदूला ती नव्यानं पक्की करावी लागते. माणसाच्या रोजच्या आठवणी उंदराच्या भीतीपेक्षा खूप गुंतागुंतीच्या असतात, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. तरी एक गोष्ट मान्य झाली आहे. ज्या आठवणी आपण वारंवार काढतो, त्या वारंवार बदलण्याची शक्यताही असते.

आता चाळीस वर्षं मनात उगाळलेल्या गावाचा विचार करा. विहीर खोल होत जाते, आंबा उंच होत जातो, ओटी ऐसपैस होत जाते. त्यात ते घर लहान मुलाच्या उंचीवरून पाहिलेलं असतं. मोठेपणी तिथं उभं राहिल्यावर दार ठेंगणं आणि पडवी अरुंद वाटते. घर तेवढंच असतं. पाहणारा वाढलेला असतो.

आणखी एक भाग वयाचा. माणसाला आयुष्यातल्या साधारण दहा ते तीस या वयातल्या घटना उतारवयात जास्त ठळक आठवतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तरुणपणी गाव सोडणाऱ्याच्या ठळक आठवणींचा मोठा हिस्सा त्या गावातच राहिलेला असतो. म्हणून नवऱ्याला जे गाव जिवाभावाचं वाटतं, ते दुसरीकडे वाढलेल्या बायकोला साधं खेडं वाटू शकतं. यात कोणाचंच प्रेम खोटं नसतं.

नातवंडांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे स्वतःची आठवणच नसते, ती उसनी असते. अभ्यासक मारियान हिर्श यांनी नाझी छळातून वाचलेल्यांच्या मुलांबद्दल लिहिताना अशा वारसा मिळालेल्या आठवणींसाठी ‘पोस्टमेमरी’ हा शब्द वापरला. वेदनेच्या इतिहासासाठी आलेली ही कल्पना आता इतर स्थलांतरांच्या अभ्यासातही वापरली जाते. मॉरिशसच्या मराठी समाजाचं उदाहरण घेता येईल. १८३४ नंतर भारतातून करारबद्ध मजूर तिथं नेले जाऊ लागले, त्यांत कोकणातली माणसंही होती. त्यांचे चौथ्या-पाचव्या पिढीतले वंशज क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. त्यांच्यातला कोणी कोकणात येतो, तेव्हा तो कधी न पाहिलेल्या गावात ‘परत’ येत असतो. गाव जुळलं नाही, तर आजोबांची गोष्टच खोटी ठरली की काय, असं त्याला वाटू शकतं.

वासाचा थेट रस्ता

गावात पाऊल ठेवताच भावना अनावर होतात, त्यामागे नाकाचा मोठा वाटा आहे. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस या केंद्रातून जातात. वासाचा संदेश हा टप्पा टाळून घ्राणकंदातून भावनांशी निगडित अमिग्डालाकडे आणि आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या परिसराकडे पोचतो. म्हणूनच वासानं जागी झालेली आठवण जास्त भावनिक वाटते. अशा आठवणी बहुतेक वेळा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असंही अभ्यासांत दिसलं आहे.

सुकवायला घातलेली मासळी, शेणानं सारवलेलं अंगण, खोवलेला नारळ, पहिल्या पावसात भिजलेली माती. बेने इस्रायली घरात एलियाहू हानाबीच्या नावानं मलिदा होतो, तेव्हा गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळांचा एकत्र वास दरवळतो. इस्रायलमध्ये जन्मलेल्या नातीला तोच वास कोकणातल्या एखाद्या स्वयंपाकघरात आला, तर तिला गाव आठवत नाही, आजी आठवते. डोळ्यांत पाणी येतं आणि ते कशासाठी आलं हे तिला सांगता येत नाही.

एका वेळी दोन भावना

आनंद आणि दुःख ही एकाच पट्टीची दोन टोकं आहेत, म्हणजे एक वाढलं की दुसरं कमी होतं, असं मानसशास्त्रात बराच काळ मानलं जाई. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी तीन प्रसंग तपासले. ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ हा चित्रपट पाहून बाहेर पडणारे प्रेक्षक, वसतिगृह सोडून जाणारे विद्यार्थी आणि पदवीदानाचा दिवस. अशा वेळी आनंद आणि दुःख दोन्ही एकत्र वाटत असल्याचं सांगणारे लोक, नेहमीच्या वेळेपेक्षा बरेच जास्त निघाले. या दोन भावना खरोखर एकाच क्षणी असतात की झरझर आलटूनपालटून येतात, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण त्या एकत्र अनुभवाला येतात आणि तसं होणं निरोगी माणसाचं लक्षण आहे, हे आता स्वीकारलं गेलं आहे.

लहान मुलांना मात्र हे सांगता येत नाही. एकाच गोष्टीबद्दल परस्परविरोधी भावना आहेत, हे शब्दांत मांडण्याची क्षमता साधारण दहा-अकरा वर्षांच्या वयात येते. त्याआधीचं मूल ‘कंटाळा आला’, ‘घरी जायचंय’ एवढंच म्हणतं. आजोबांना ते लागतं. प्रत्यक्षात मूल गावाचा अपमान करत नसतं, त्याच्याकडे त्या घालमेलीसाठी शब्द नसतात.

ना हरवलं, ना सापडलं

काही दुःखांना निरोपाचा विधी मिळत नाही. अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी अशा दुःखाला ‘संदिग्ध हानी’ म्हटलं. बेपत्ता माणूस मनात असतो पण समोर नसतो. स्मृतिभ्रंश झालेला माणूस समोर असतो पण ओळख देत नाही. स्थलांतरितांचं गाव दोन्ही प्रकारांत मोडतं. दूर असताना ते मनात असतं, आणि गेल्यावर समोर असतं, पण ओळख देत नाही.

कोकणातल्या सिनेगॉगची भिंत हाताला लागते, पण सामूहिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष अनेक ठिकाणी जमत नाहीत. दफनभूमीतल्या दगडावरचं मराठी नाव वाचता येतं, पण त्या माणसाची गोष्ट सांगणारं कोणी उरलेलं नसतं. हे दुःख करायला प्रवाशाला संधीच मिळत नाही, कारण हा ‘आनंदाचा प्रवास’ ठरलेला असतो.

आपलेपणाचा प्रश्नही आहेच. या समाजानं तो दोन्हीकडे सोसला. ज्या भूमीसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली, तिथं पोचल्यावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या यहुदीपणावरच धार्मिक अधिकाऱ्यांनी शंका घेतली. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. त्याआधी, १९५२ मध्ये, निराश झालेले काही जण भारतात परत आले होते, आणि त्यांतले बरेच पुढे पुन्हा इस्रायलला गेले. भारत मातृभूमी आणि इस्रायल पितृभूमी असं या समाजातले अनेक जण म्हणतात. दोन्हींवर प्रेम करणाऱ्याला तिथं ‘भारतीय’ आणि इथं ‘पाहुणे’ म्हटलं जातं, तेव्हा ते सहज बोललेलं असलं तरी खुपतं.

परतल्यानंतरचे पहिले आठवडे

परदेशात गेलेल्यांच्या मनःस्थितीचा चढउतार १९५५ मध्ये नॉर्वेचे संशोधक लिसगार्ड यांनी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा दाखवला. सुरुवातीला उत्साह, मग घसरण, मग सावरणं. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्यानं त्याला घरी परतल्यानंतरच्या घसरणीची जोड दिली आणि ‘यू’चा ‘डब्ल्यू’ झाला. नंतरच्या अभ्यासांत प्रत्येकाचा आलेख असा नीटनेटका आला नाही. पण परतल्यानंतरही मन घसरू शकतं, ही जाणीव त्यातून झाली, आणि ती उपयोगी आहे.

शरीराचाही यात हात असतो. इस्रायल आणि भारत यांच्या घड्याळात ऋतूनुसार अडीच ते साडेतीन तासांचं अंतर आहे, अमेरिकेशी ते साडेनऊ तास किंवा त्याहून अधिक आहे. शरीराच्या घड्याळाला जुळवून घ्यायला ढोबळमानानं दर तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो. अपुऱ्या झोपेत प्रत्येक भावना तीव्र होते. त्यामुळे ‘गावची जमीन विकून टाकू’ किंवा ‘सगळं सोडून तिथंच राहायला जाऊ’ असे निर्णय पहिल्या काही आठवड्यांत घेऊ नयेत.

आणखी एक धोका आपलेपणातूनच येतो. नातेवाइकांना भेटायला जाणारे प्रवासी इतर पर्यटकांपेक्षा प्रवासाआधी डॉक्टरांचा सल्ला कमी घेतात. ‘आपल्याच गावचं पाणी’ असं म्हणून ते निर्धास्त राहतात. वर्षानुवर्षं बाहेर राहिल्यावर मलेरियाविरुद्धची जी काही अंशतः प्रतिकारशक्ती असेल तीही ओसरते, आणि बाहेर जन्मलेल्या मुलांमध्ये ती नसतेच. टायफॉइड, हिपॅटायटिस ए यांच्या लसी आणि मलेरिया प्रतिबंधाबद्दल आधीच विचारून घ्यावं. परतल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांतही ताप आला, तर आपण कुठे जाऊन आलो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

काय केल्यानं मदत होते

जाण्याआधी घरातल्या सर्वांना आजचं गाव कसं आहे ते सांगावं. घर पडलं असेल, विकलं असेल, तर तेही सांगावं. नुकतेच काढलेले फोटो मागवून घेतले तर आठवणीतलं आणि समोरचं यांतला धक्का कमी होतो.

गावात असताना फक्त जुन्या खुणा शोधत फिरू नये. तिथं आज राहणाऱ्या माणसांशी त्यांच्या आजच्या जगण्याबद्दल बोलावं. शाळा कशी चालते, भात किती पिकतो, पोरं कुठे कामाला जातात हे विचारलं, की गाव पुन्हा एक जिवंत जागा म्हणून भेटतं. एखादा दिवस मोकळाही ठेवावा, कारण यादी पुरी करण्याच्या घाईत मनाला वेळ मिळत नाही.

परतल्यावर लिहावं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनीबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनातल्या क्लेशदायक अनुभवांबद्दल लिहायला सांगितलं होतं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम माफक दिसला आणि तो प्रत्येकाला होतोच असं नाही. तरी यात खर्च काही नाही. कशाचा आनंद झाला आणि कशाचं वाईट वाटलं, हे दोन्ही लिहावं. घरातली वयस्कर माणसं लिहिणार नसतील तर त्यांना बोलतं करून फोनवर ध्वनिमुद्रण करावं. दोन भावंडांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर खरं कोणाचं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही नोंदवून ठेवाव्यात.

ही हुरहूर बहुतेकांच्या बाबतीत हळूहळू निवळते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बराचसा वेळ उदास जात असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ती केवळ गावची आठवण आहे असं समजून अंगावर काढू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जगणं नकोसं वाटत असेल तर अजिबात थांबू नये. भारतात ‘टेली-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

गावात राहणाऱ्यांच्या हातीही थोडंफार असतं. दूरदेशीहून आलेला नातेवाईक किंवा जुना शेजारी अंगणात गप्प उभा राहिला, तर त्याला लगेच चहासाठी आत ओढायची घाई करू नये. ‘इथं तुमच्या आजोबांचा घाणा होता,’ एवढं सांगून दोन मिनिटं त्याच्याजवळ उभं राहिलं तरी त्याला आधार होतो.